धोंडाबाईंचं भाषण

इंदिरानगरात सावळीराम कापडणीस कुठे राहतात असं विचारलं, तर त्यांच्याच इमारतीचा वॉचमन डोकं खाजवतो. ‘दहाव्याचे अण्णा’ म्हटलं की मात्र कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा मजला, दार आणि त्यांची दुपारी झोपायची वेळ सांगतो. हे नाव कोणी चेष्टेनं ठेवलेलं नाही. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी घाटावर त्याच्याविषयी दोन शब्द बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि नाशिकपासून बागलाणपर्यंत ते दोन शब्द गेली पंधरा वर्षं बहुतेक ठिकाणी अण्णाच बोलत आले. दोन शब्द म्हणजे साधारण पंचवीस मिनिटं.

त्याआधी एकतीस वर्षं ते लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारत होते. ट्रॅक्टरच्या रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका, इंजिनांची धडधड, आणि त्या सगळ्यावरून जाणारा अण्णांचा आवाज. निवृत्त होऊन ते मुलाकडे, दीपककडे, नाशिकला आले तेव्हा आवाज जसाच्या तसा शिल्लक होता. पुकारायला कांदा तेवढा नव्हता. एवढा आवाज घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसणं म्हणजे दिवाणखान्यात ट्रॅक्टर उभा करण्यासारखं. सून सविता पहिला महिनाभर दारं-खिडक्या लावून घेई. मग एका चुलतभावाच्या दहाव्याला अण्णा सहज उभे राहिले आणि बोलले. त्या दिवशी चुलतभावाशी पंधरा वर्षं अबोला धरलेला त्याचा व्याहीसुद्धा रडला. तेव्हापासून आवाजाला काम मिळालं.

पुढे लोक शिकायला येऊ लागले. रविवारी सकाळी आठला, बागेतल्या पत्र्याच्या हॉलमध्ये अण्णांचा वर्ग भरे. फी नाही. येणारे नाना तऱ्हेचे. कोणी विम्याचा एजंट, कोणी चार मुलाखतींत तोंडच न उघडलेला इंजिनिअर, कोणी प्रभागात निवडणुकीला इच्छुक. सगळ्यांना अण्णा आधी एकच गोष्ट सांगत: “पहिलं भाषण दहाव्याला करायचं.”

नवा माणूस दचके. अण्णा समजावत, “लग्नात लोक जेवणाकडे बघतात, सभेत घड्याळाकडे बघतात. दहाव्याला खाली बघतात. नवशिक्याला आणखी काय पाहिजे? टाळ्या नाहीतच, तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत म्हणून वाईट वाटायला नको. आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो काही उठून ‘हे साफ खोटं आहे’ म्हणत नाही.”

म्हणजे बघा, कुणाचे तरी वडील गेलेले असत, आणि त्यांच्याविषयी गहिवरून बोलणारा पोरगा त्यांना उभ्या जन्मात भेटलेला नसे. पण अण्णांनी त्याची सोय केलेली होती. घरच्यांकडून माहितीची एक चिठ्ठी लिहून घ्यायची. तिच्यात सहा ओळी: नाव-गाव, शिक्षण-नोकरी, भूषवलेली पदं, समाजकार्य, स्वभाव, मागे परिवार. “माणूस कितीही मोठा असो,” अण्णा म्हणत, “सहा ओळींत मावतो.” चिठ्ठी हातात घेऊन पोरगा थरथरत उभा राही, अण्णा मागे उभे राहून त्याच्या कोपराला चिमटा काढीत, आणि भाषण सुरू होई. अशा रीतीनं त्यांनी सव्वाशे माणसं बोलती केली. त्यातला मयूर तर आता असा बोलतो, की प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक प्लॉट न बघताच परत जातं आणि विसार देऊन जातं.

वर्गात शिक्षाही होती. त्या रविवारी जो सगळ्यात वाईट बोलेल त्यानं हॉलला कुलूप लावायचं आणि किल्ली अण्णांच्या घरी पोहोचवायची. अण्णा स्वतः अकरापर्यंत बागेतल्या बाकावर मित्रांत बसत. किल्ली घेऊन जाणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, “बघा, हा आज मुका निघाला. दोन-तीन रविवार किल्ली वाहील, मग बोलायला लागेल.” आणि खरंच तसं होई. दोन-तीन रविवार किल्ली वाहिलेला माणूस चौथ्या रविवारी घडाघडा बोले. शरमेसारखं औषध नाही, असं अण्णांचं त्यावरून मत झालेलं.

किल्ली घ्यायला घरी धोंडाबाई एकट्याच असत; दीपक-सविता रविवारी सकाळी बाजाराला गेलेले असत. अण्णांच्या पत्नी. माहेर नामपूरचं, बोलणं शेवटपर्यंत नामपूरचं. शरीरानं बारीक, कामाला वाघ, आणि अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, ‘सभेच्या बाबतीत शून्य’. नवा विद्यार्थी आला की वर्गाची सुरुवात अण्णा एका गोष्टीनं करत. आठ मार्चला कॉलनीत महिलांचा कार्यक्रम होता. बायकांनी हट्ट धरला, अण्णांच्या घरात एवढं भाषण आहे तर काकूंनीही बोलावं. अण्णांनी आनंदानं दोन पानं लिहून दिली. स्त्रीशक्तीपासून सुरुवात, राष्ट्रउभारणीशी शेवट. धोंडाबाई माइकपाशी गेल्या, दोन पानं हातात धरून अर्धं मिनिट उभ्या राहिल्या, पानांची घडी घातली आणि खाली येऊन बसल्या. “सव्वाशे मुकी माणसं बोलती केली,” अण्णा म्हणत, “घरचं एक तेवढं राहिलं!” आणि हॉल हसे. नवा विद्यार्थी जरा सैल होई. गोष्टीचा तेवढा उपयोग होता.

या गोष्टीतल्या धोंडाबाई एका बुधवारी गेल्या. दुपारी जेवणं झाली, त्यांनी मेथी निवडून ठेवली, “जरा पडस” म्हणाल्या आणि पडल्या. चहाच्या वेळी सविता उठवायला गेली तेव्हा फार उशीर झालेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. अण्णा म्हणाले, “पण तिनं काही सांगितलं नाही.” हे ते त्या संध्याकाळी येईल त्याला सांगत होते, जणू तक्रार करत होते.

चौथ्या दिवशी मयूर आला. पाया पडला, डोळे पुसले, मग हलकेच म्हणाला, “अण्णा, दहाव्याचं सगळं माझ्याकडे. मंडप, माइक, निवेदन. तुम्ही फक्त बसायचं.”

ते बरोबरच होतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो बोलत नाही, तो बसतो. हा नियम अण्णांनीच सव्वाशे जणांना सांगितलेला.

“फक्त काकूंची चिठ्ठी तेवढी द्या,” मयूर म्हणाला.

रात्रीची जेवणं आटोपायच्या आधी अण्णा कागद घेऊन बसले. नाव-गाव लिहिलं. शिक्षण: चौथी. मग थांबून ‘चौथी’ खोडलं, कारण तिसरी की चौथी ते आठवेना. नोकरी, पदं: रेघ मारली. समाजकार्य: रेघ. स्वभाव या शब्दापुढे पेन टेकवलं आणि तिथे शाईचा ठिपका वाढत गेला.

“दीपक, आईचा स्वभाव कसा होता रे?”

दीपकनं मोबाइलवरून मान वर केली. डोळे सुजलेले. “आई ना? आई… साधी होती.”

“साधी तर सगळ्यांचीच असते. मी चारशे दहाव्यांना साधी म्हणालोय.”

आतून सविता म्हणाली, “त्यांना ऐकू फार लांबचं यायचं. खालच्या गल्लीतला भाजीवाला वळणावर असतानाच इथून सांगायच्या, आज गवार आणलीय त्यानं.”

भाजीवाला ऐकू येणं हे कुठल्या ओळीत घालावं ते अण्णांना कळेना. शेजारच्या मालनबाईंना विचारलं, तर त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “काय सांगू अण्णा, देवमाणूस!” हेही अण्णांचंच वाक्य होतं, मालनबाईंच्या मिस्टरांच्या दहाव्याला त्यांनीच वापरलेलं. चारशे परक्या माणसांचे स्वभाव ज्यांनी तोंडपाठ सांगितले, ते अण्णा त्रेपन्न वर्षांच्या संसारानंतर एका रिकाम्या ओळीसमोर बसून राहिले. शेवटी त्यांनी कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली. झोप लागली नाही. तिचं एक बोलणं मात्र आठवत राहिलं. एका दहाव्याहून ते घरी आले होते, हार-शाल घेऊन, फार छान झालं म्हणत. चपात्या लाटता लाटता ती म्हणाली होती, “दीपकना बाप, मरेल मानूसनं एवढं गोड बोलतस, जित्ता मानूसनं बी बोला कधीतरी.” ते तेव्हा हसले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात विनोद म्हणून सांगितलंही होतं.

सहाव्या दिवशी एक बाई भेटायला आली. चाळिशीची, दवाखान्यातल्या आयाची निळी साडी, पायात रबरी चप्पल. दारातच उभी राहून रडू लागली. अण्णांना वाटलं, सविताची कोणी ओळखीची असेल.

“मी संध्या,” ती म्हणाली. “तुमच्या वर्गात होते अण्णा, तीन वर्षांपूर्वी. दोनच रविवार आले.”

“दोनच? का?”

“तुम्ही म्हणालात, हिचा आवाज म्हणजे डास. सगळे हसले. मग किल्ली घेऊन इथे आले आणि परत वर्गात गेलेच नाही.”

अण्णांना आठवेना. डास ते अनेकांना म्हणत.

संध्या मूळची पेठकडची, नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या बागांत मजुरीला आलेली, नंतर इथल्या एका दवाखान्यात लागलेली. तिला मोठं भाषणबिषण करायचं नव्हतं. मुलीला शाळेत मागच्या बाकावर एकटीला बसवत होते, आणि पालकसभेत उठून एवढंच विचारायचं होतं की का. दोन सभांना ती गेली आणि न बोलता परत आली. म्हणून वर्गाला आलेली.

“मग? विचारलंस का?” अण्णांनी विचारलं. तेवढ्यापुरता त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

“विचारलं की. तिसऱ्या सभेला. हेडबाई खुर्चीतून उठल्या. पोरगी आता पुढे बसते.”

“दोन रविवारांत शिकलीस?”

“दोन रविवारांत नाही अण्णा. इथे शिकले.” तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. “काकूंपाशी. पहिल्या दिवशी किल्ली दिली आणि मी पळतच होते. काकू म्हणाल्या, बस, चहा घे. काय बोलायचं होतं तिथे, ते मला सांग. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, ‘जोरमा बोल बेटा, माले ऐकू येत नई.’ मी जरा मोठ्यानं बोलले. ‘अजून जोरमा.’ त्या कढईत पळी हलवत होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. मी ओरडूनच बोलले शेवटी. मग म्हणाल्या, आता आलं ऐकू. पुढच्या रविवारी ये. वर्ग सोडला, पण इथे मी दर रविवारी येत राहिले.” संध्यानं नाक पुसलं. “बिचाऱ्यांचे कान गेलेले, त्यामुळे माझा आवाज मोकळा झाला बघा.”

स्वयंपाकघराच्या दारात सविता हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. तिनं सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी सुनेकडे.

“कान गेलेले?” अण्णा म्हणाले.

“हो ना. सगळ्यांनाच माहीत होतं. किल्ली घेऊन येणारे सगळेच काकूंपुढे ओरडून गेलेत. तो डोळे मिचकावणारा इंजिनिअर, तो विम्याचा… मयूरदादा तर सहा रविवार येत होते. आम्ही म्हणायचो, अण्णांचा वर्ग पहिली ते चौथी, काकूंचा पाचवीच्या पुढे.” एवढं बोलून तिनं जीभ चावली.

शरमेसारखं औषध नाही, हे आपलं मत अण्णांना ऐकू येत होतं. आपल्याच आवाजात, बागेतल्या बाकावरून.

“संध्या,” ते म्हणाले, “दहाव्याला तू बोल. हिच्याविषयी तुला ठाऊक आहे. मला नाही.”

“मी? घाटावर? एवढ्या पुरुषांत?”

“तूच.”

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “मी एका अटीवर बोलेन. मी माझं नाही बोलणार. काकूंचं भाषण बोलेन.”

“काकूंचं कुठलं भाषण?”

“त्यांचं त्यांनी केलेलं होतं अण्णा. आठ मार्चसाठी. तुम्ही दोन पानं लिहून दिलीत त्याच्या आधीच. त्यांच्या बोलीतलं. मला सुरुवात पाठ आहे, त्या पोळ्या करताना म्हणायच्या.”

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. “सांग.”

“इथे नाही,” संध्या म्हणाली. “त्यांना ते माणसांत म्हणायचं होतं. माणसांतच म्हणेन.”

ती गेल्यावर अण्णांनी मयूरला फोन लावला. “दहाव्याला एकच माणूस बोलेल. संध्या. बाकी कोणी नाही.”

“होय अण्णा. तुम्ही काळजीच करू नका,” मयूर म्हणाला. समोरच्याचं ऐकून न घेता बोलणं संपवायचं असेल तर हे वाक्य वापरावं, असं अण्णांनीच त्याला शिकवलेलं होतं. पण त्या क्षणी ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. उरलेले चार दिवस त्यांना एकच घोर होता, की संध्या येईल ना. सकाळी सविताला विचारत, संध्याकाळी दीपकला विचारत. धोंडाबाईंचं भाषण ऐकायचं आहे, ही एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरलेली होती.

दहाव्या दिवशी घाटावर गर्दी झाली. संध्या आली होती. बायकांच्या बाजूला, कडेला, त्याच निळ्या साडीत. अण्णांना हायसं वाटलं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते माणसं मोजू लागले. सटाण्याचे आले होते, निफाडचे आले होते, पतसंस्थेचे चेअरमन आले होते, दोन इच्छुक उमेदवार एकमेकांकडे पाठ करून बसले होते. या सगळ्यांच्या घरच्या दहाव्यांना अण्णा बोललेले होते. आणि आपल्याकडे लग्नातल्या आहेरासारखा दहाव्यातल्या भाषणाचाही आहेर असतो. तुमच्या वडिलांवर जो बोलला, त्याच्या घरी तुम्ही बोलायचं. नाही बोललात तर मन राखलं नाही असं होतं. आणि बोलू दिलं नाही, तर आहेर परत केल्यासारखं. मयूरच्या हातातल्या कागदावर अकरा नावं होती. संध्याचं बारावं.

मयूरचं तसं चुकलं नव्हतं. अण्णा त्याच्या जागी असते तर त्यांनीही असंच केलं असतं.

पहिला उभा राहिला. “कै. धोंडाबाई म्हणजे मनमिळाऊ, सोशिक, कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व.” दुसरा उभा राहिला. “अण्णांच्या यशामागे सावलीसारख्या उभ्या राहिलेल्या.” तिसऱ्यानं सावलीच्या जागी समई घातली. चौथ्यानं त्यांना धोंडूबाई म्हटलं आणि शेवटपर्यंत धोंडूबाईच म्हणत राहिला. पाचव्याला हुंदका आला. तो कुठल्या शब्दावर आणायचा ते अण्णांनीच बसवून दिलेलं होतं, आणि तिथेच आला. प्रत्येक जण छान बोलत होता. कोणी अडखळत नव्हता, कोणी कागदात बघत नव्हता, प्रत्येकाचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जात होता. आणि प्रत्येक जण अण्णांविषयी बोलत होता. अण्णांचा लिलाव, अण्णांचा वर्ग, अण्णांची चारशे भाषणं. मधूनच, कांद्याच्या पोत्यात एखादा बटाटा निघावा तशा, धोंडाबाई निघत.

यातल्या निदान चौघांनी धोंडाबाईंच्या स्वयंपाकघरात ओरडून ओरडून आवाज सोडवला होता, हे अण्णांना आता माहीत होतं. त्यांच्यापैकी एकानं तरी ते सांगावं म्हणून ते तोंडाकडे बघत राहिले. कोणी सांगितलं नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. असल्या गोष्टी सहा ओळींत बसत नाहीत, तरी त्या सांगायच्या असतात हेच त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

सहावा, सातवा, आठवा. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा सुरू झाला, त्यांचाही भोंगा लागला, आणि दोन्हीकडचे गेलेले आत्मे एकमेकांत मिसळून मनमिळाऊ होऊ लागले. गुरुजी दोनदा घड्याळ दाखवून गेले. त्यांना पुढची वेळ दिलेली होती. अकरावे चेअरमन. त्यांनी ‘दोनच शब्द’ म्हणून सुरुवात केली तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले.

“वेळेअभावी,” शेवटी मयूरचा आवाज आला, “आपण इथेच थांबत आहोत. कै. काकूंच्या आत्म्यास…”

लोक उठू लागले. माइकवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली.

अण्णा उठले. घरचं माणूस उठतं म्हणताना दोघं-तिघं धरायला धावले, त्यांना वाटलं चक्कर आली.

“मयूर, अजून एक नाव आहे.”

“अण्णा, गुरुजी खोळंबलेत. संध्याताईंचं आपण तेराव्याला घेऊ ना. हॉलमध्ये, निवांत…”

“खाली बसा!” अण्णा म्हणाले.

हा लासलगावचा आवाज होता. पायऱ्या चढत गेलेली माणसं आहेत तिथे बसली. शेजारच्या दहाव्यातले दोघं-चौघंही बसले. पण वर पोहोचलेले निघून गेले होते, चपला शोधणारे शोधत होते, चेअरमनची गाडी सुरू झालेली होती. राहिली असतील ती तीस-चाळीस माणसं, बहुतेक बायका. माइक गेलेला होता.

संध्या पुढे आली. नवशिक्याच्या मागे उभं राहायची सवय असलेले अण्णा तिच्या मागे गेले नाहीत. ते समोर खाली बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“काकू मला म्हणायच्या, त्यांना ऐकू येत नाही,” संध्या म्हणाली. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, दुसऱ्याला लागला. “म्हणून मी मोठ्यानं बोलायला शिकले. आणखी बरेच जण शिकले. ते आत्ताच बोलून गेले. मला काकूंविषयी जास्त बोलता येत नाही. काकूंना एकदा बोलायचं होतं, त्याची सुरुवात तेवढी सांगते. त्यांच्याच शब्दांत.”

तिनं पदर सारखा केला, श्वास घेतला, आणि पेठकडची ती बाई नामपूरच्या बोलीत म्हणाली:

“मी धोंडाबाई. नामपूरनी शे. माले बोलता येत नई, ही गोठ सगळास्ले माहीत शे. पन ती गोठ मी सांगेल नई. आते मी सांगस, ते ऐका.”

आणि ती थांबली. आपल्याला बोलता येत नाही ही गोष्ट धोंडाबाईंनी कधी सांगितलेलीच नव्हती; ती दुसऱ्यांनी सांगितलेली.

पायऱ्यांवरच्या बायकांपैकी कोणीतरी, बागलाणकडचीच असणार, तोंडात पदर धरला. मयूर कागद दुमडत होता, तो दुमडतच राहिला. सगळे पुढच्याची वाट बघत होते. शेजारच्या भोंग्यातून कुणाचं तरी समाजकार्य चाललं होतं. अर्धं मिनिट गेलं असेल. संध्या तशीच उभी होती. मग बायकांत जाऊन खाली बसली.

“विसरली बिचारी,” कोणीतरी म्हणालं. “पहिलीच वेळ असेल.” माणसं उठली.

गुरुजींनी दीपकला हाक मारली. अण्णा बायकांच्या बाजूला गेले. संध्या पायरीवर मान घालून बसली होती, तिच्या शेजारी ते बसले.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“पुढे नाही अण्णा. त्या तेवढंच म्हणून थांबायच्या. म्हणायच्या, एवढं ऐकून कोणी ‘पुढे काय’ विचारलं, तर पुढचं सांगीन.”

“तू नाही विचारलंस?”

“विचारलं होतं की.” संध्या त्यांच्याकडे बघेना. “म्हणाल्या, तू नाही गं बेटा.”

अण्णांनी मान हलवली. खाली दीपक पिंड घेऊन बसला होता, आणि बाबा कुठे गेले म्हणून मागे वळून बघत होता. सविता दोनदा बोलवायला येऊन गेली. अण्णा “आलो, आलो” म्हणाले. तेही अगदी हळू. शेजारी बसलेल्या संध्यालासुद्धा ते नीट ऐकू आलं नाही.